रेषा ओढणारा हात कोणाचा? मिशिगनच्या काँग्रेस निवडणुका सोप्या भाषेत

टेक्सासने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मतदारसंघांचा नकाशा मध्येच बदलला, रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून, मग नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने लोकांचं मतदान घेऊन उलट बाजूने तसाच बदल करून टाकला, आणि तेव्हापासून अमेरिकेच्या बातम्यांत हा नकाशांचा विषय सारखा येतोय. आपण इथून वाचतो तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की जनगणना झाली नाही, काही नाही, मग मतदारसंघ बदलले कसे? आणि लोकांनी अजून मत दिलेलंच नसताना पाच जागा वाढणार हे आधीच कसं कळतं?

हे समजून घ्यायला अख्खी अमेरिका एकदम घेतली तर डोकं गरगरतं. एकच राज्य घेऊ, मिशिगन. डेट्रॉईट, मोटारींचे कारखाने, बहुतेक बाजूंनी मोठमोठी तळी असलेलं ते उत्तरेकडचं राज्य. ते निवडायचं कारण असं की नकाशाच्या बाबतीत जे जे होऊ शकतं ते सगळं तिथे गेल्या पंधरा वर्षांत होऊन गेलंय, वाईटही आणि चांगलंही, आणि चांगलं जे झालं ते कुठल्या नेत्याने केलेलं नाही, साध्या लोकांनी केलंय.

आधी एवढं माहीत असू द्या

इथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आपल्याकडचा पक्ष नाही. तिची दोन सभागृहं आहेत. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन जण, राज्य केवढंही असो, मुदत सहा वर्षं, आणि पूर्ण राज्य हाच मतदारसंघ, त्यामुळे तिथे नकाशाची भानगडच नाही. दुसरं सभागृह म्हणजे हाऊस, आपल्या लोकसभेच्या जवळ जाणारं, ४३५ जागा, एका मतदारसंघातून एकच माणूस, ज्याला जास्त मतं तो निवडून आला. मुदत मात्र फक्त दोन वर्षं, म्हणजे माणूस शपथ घेतो आणि वर्षभरात पुन्हा प्रचाराला लागतो.

दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि या ४३५ जागा राज्यांमध्ये नव्याने वाटल्या जातात. प्रत्येक राज्याला किमान एक, बाकीच्या लोकसंख्येच्या हिशोबाने. आपल्याकडे राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर ठरल्या आणि मग कितीतरी दशकं गोठवून ठेवल्या, कारण कुटुंब नियोजन नीट केलेल्या राज्यांना त्याची शिक्षा नको. अमेरिकेत असं गोठवणं नाही, दर दहा वर्षांनी वाटप होतंच, आणि कधीकधी फारच थोडक्यात जागा जाते. २०२० च्या मोजणीत न्यूयॉर्कची एक जागा फक्त ८९ माणसं कमी पडल्यामुळे गेली!

आणि आता खरी गंमत नाही, खरा गुंता. राज्याला जागा किती हे वरून ठरतं, पण राज्याच्या आत रेषा कुठे ओढायच्या हे ज्या त्या राज्याने ठरवायचं. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोग करतो, त्याचा प्रमुख सुप्रीम कोर्टाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो, आणि आयोग सगळ्या देशासाठी एकच. अमेरिकेत असा एकच आयोग नाही. बहुतेक राज्यांत तिथली विधानसभाच नकाशा काढते, म्हणजे ज्या पक्षाचं राज्यात बहुमत तो पक्ष. आपल्याकडे महापालिकेच्या प्रभाग रचनेवरून किती भांडणं होतात हे ज्याने जवळून बघितलंय, अमुक गल्ली या प्रभागातून काढून त्यात का टाकली म्हणून हरकती घेणारे लोक ज्याने बघितलेत, त्याला यात काय धोका आहे हे वेगळं सांगायला नको.

मिशिगनच्या जागा कमी कमी का होत गेल्या

१९७० च्या दशकात मिशिगनला हाऊसमध्ये १९ जागा होत्या. मग १८, १६, १५, १४, आणि २०२० च्या जनगणनेनंतर १३. मोटार कंपन्यांचा सुवर्णकाळ गेला, कारखाने बंद झाले किंवा दक्षिणेकडे सरकले, तरुण माणसं कामाच्या मागे टेक्सास, फ्लोरिडाकडे गेली. २००० ते २०१० या काळात तर लोकसंख्या घटलेलं मिशिगन हे देशातलं एकटंच राज्य होतं. त्यानंतरच्या दहा वर्षांत ती साधारण दोन टक्क्यांनी वाढली, पण देशाची सात टक्क्यांच्या वर वाढली, म्हणून वाढूनही एक जागा गेलीच.

२०२० ला राज्याची लोकसंख्या १ कोटीच्या जरा वर. भागिले १३, म्हणजे एका मतदारसंघात साधारण ७ लाख ७५ हजार माणसं. हा आकडा सगळीकडे जवळजवळ सारखाच ठेवावा लागतो, १९६४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून तसं बंधन आहे. त्यामुळे वरचा पहिला मतदारसंघ, जिथे जंगलं, बर्फ आणि विरळ वस्ती, तो राज्याचा भलामोठा तुकडा व्यापतो आणि डेट्रॉईटच्या आसपासचे चिमुकले दिसतात. बघणाऱ्याला वाटतं काय अन्याय आहे हा, पण तो अन्याय नाही, माणसं मोजलीत, जमीन नाही. नकाशातली लबाडी वेगळ्या ठिकाणी असते.

रेषा सरकवली की निकाल कसा सरकतो

समजा २५ घरांची एक सोसायटी आहे आणि रिडेव्हलपमेंटचा वाद पेटलाय. १५ घरांना रिडेव्हलपमेंट हवंय, १० घरांना नकोय. कमिटीवर पाच जण निवडायचे, त्यासाठी पाच-पाच घरांचे पाच गट करायचे आणि प्रत्येक गटाने एक माणूस पाठवायचा. गट कसे पाडायचे हे सेक्रेटरी ठरवणार.

आता सेक्रेटरी जर "हवंय" वाल्यांचा असेल तर तो प्रत्येक गटात तीन "हवंय" आणि दोन "नको" अशी घरं टाकेल. पाचही गटांत "हवंय" जिंकणार, कमिटी ५-०. दहा घरांचा आवाज कमिटीत शून्य. आणि सेक्रेटरी जर "नको" वाल्यांचा असेल तर तो काय करेल, तीन गट असे करेल की त्यात तीन "नको" आणि दोन "हवंय", झाली नऊ "नको" घरं वापरून, उरलेल्या दोन गटांत मग "हवंय" ची उरलेली नऊ घरं आणि "नको" चं एक घर कोंबून टाकायचं. निकाल ३-२, "नको" वाले जिंकले! पंचवीसातली दहाच घरं, पण कमिटी त्यांची. एकाही माणसाने मत बदललं नाही, खोटं मतदान झालं नाही, मशीनमध्ये काही केलं नाही. फक्त गट बदलले.

वहीत २५ ठिपके काढून हे एकदा स्वतः करून बघा, मग टेक्सासला पाच जागा आधीच कशा कळल्या ते दोन मिनिटांत लक्षात येईल. सेक्रेटरीच्या दोन युक्त्या होत्या, विरोधकांना फोडून सगळीकडे थोडे थोडे पसरवायचं, नाहीतर एकाच ठिकाणी कोंबायचं. असं आपल्या फायद्यासाठी मतदारसंघ कापण्याला जेरीमँडरिंग म्हणतात. पूर्वी हे अंदाजाने व्हायचं, आता प्रत्येक गल्लीत कोणाला किती मतं पडली याचा डेटा कॉम्प्युटरवर असतो आणि रेषा एक घर इकडे की तिकडे इतकी बारीक ओढता येते.

२०११ चा नकाशा

२०१० च्या निवडणुकीत मिशिगनमध्ये विधानसभेची दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद (निवडून येणारं, आपल्या मुख्यमंत्र्यासारखं) रिपब्लिकन पक्षाकडे आलं, आणि २०११ ला नवा नकाशा त्यांनीच काढला, १४ जागांचा. पहिली परीक्षा २०१२ ला झाली. त्या वर्षी हाऊससाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभर मिळून साधारण २३ लाख मतं पडली आणि रिपब्लिकन उमेदवारांना साधारण २१ लाख. जागा? रिपब्लिकन ९, डेमोक्रॅट ५. दोन लाख मतं जास्त आणि चार जागा कमी.

कसं झालं ते बघायचं तर त्या वेळचा १४ वा मतदारसंघ बघायचा. डेट्रॉईटमधून निघायचा, वळणं घेत घेत उपनगरांतून जायचा आणि पार वर पाँटिॲक शहरापर्यंत पोचायचा, मध्ये येणारी डेमोक्रॅटिक वस्ती गोळा करत. तिथे आणि शेजारच्या १३ व्या मतदारसंघात डेमोक्रॅट ८० टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकायचे. ऐकायला भारी वाटतं, पण जिंकायला ५० टक्के पुरतात, वरची सगळी मतं वाया. सोसायटीतल्या त्या कोंबलेल्या दोन गटांसारखं.

२०१४ ला ९-५, २०१६ ला पण ९-५. तीन निवडणुका, वेगवेगळं वारं, आणि आकडा तोच. २०१८ ला डेमोक्रॅट्सची मोठी लाट आली तेव्हा कुठे दोन जागा हलल्या आणि ७-७ झालं, एलिसा स्लॉटकिन आणि हेली स्टीव्हन्स त्याच वर्षी निवडून आल्या.

इथे एक आक्षेप येतो आणि तो चुकीचा नाहीये. डेमोक्रॅट मुळातच डेट्रॉईट, ॲन आर्बर, फ्लिंट अशा शहरांत दाटीने राहतात, रिपब्लिकन पसरून राहतात, मग सरळ रेषा ओढल्या तरी डेमोक्रॅट्सची मतं एका जागी साठणारच ना? हो, थोडी साठणारच. पण २०१८ मध्ये एका खटल्यात २०११ च्या वेळचे ईमेल बाहेर आले आणि त्यात एका रिपब्लिकन खासदाराच्या ऑफिसमधल्या माणसाने स्वच्छ लिहिलं होतं की आग्नेयेकडच्या चार काउंट्यांमधला सगळा "डेमोक्रॅटिक कचरा" चारच मतदारसंघांत कोंबता येईल. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. मतदाराला कचरा म्हणणारी भाषा वाचून मला आजही वाईट वाटतं, कारण तो "कचरा" म्हणजे कारखान्यात राबलेली, कर भरणारी लाखो माणसं होती. ते ईमेल वाचल्यावर सगळं आपोआप घडलं असं म्हणणं अवघड आहे.

मग कोर्टाने काय केलं

२०१९ च्या एप्रिलमध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने मिशिगनचे काँग्रेस आणि विधानसभा मिळून ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले आणि नवे काढा म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी, जूनमध्ये, सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या राज्यांच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा वाकवणं लोकशाहीला शोभत नसलं तरी फेडरल कोर्ट त्यात पडणार नाही, हा राजकीय प्रश्न आहे, राज्यांनी बघावा. झालं, मिशिगनचा निकाल रद्द.

वंशाच्या आधारावर मतदारसंघ कापला तर मात्र अजूनही फेडरल कोर्टात दाद मागता येते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल. बाकी पक्षाच्या लबाडीविरुद्ध दोनच रस्ते उरले, राज्याचं कोर्ट किंवा राज्याची घटना बदलणं. मिशिगनच्या लोकांनी दुसरा रस्ता तोपर्यंत धरला पण होता.

फेसबुकवरची एक पोस्ट

२०१६ ची निवडणूक झाल्यावर दोन दिवसांनी केटी फेही नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की मला मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगविरुद्ध काहीतरी करायचंय, कोणाला यायचं असेल तर सांगा. ती राजकारणातली नव्हती, रिसायकलिंगच्या क्षेत्रातल्या एका संस्थेत नोकरी करत होती. लोक आले. आधी त्यांनी ३३ दिवसांत ३३ ठिकाणी सभा घेतल्या, तुम्हाला नकाशा कोणी काढावा असं वाटतं हे विचारायला, आणि त्या उत्तरांवरून घटनादुरुस्तीचा मसुदा बनवला.

मिशिगनमध्ये पुरेशा सह्या गोळा केल्या की घटनादुरुस्ती थेट लोकांच्या मतदानाला टाकता येते, विधानसभेला विचारावं लागत नाही. त्या वेळी लागत होत्या ३ लाख १५ हजारांच्या वर सह्या. पैसे देऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या तिथे असतात, सहीमागे दर ठरलेला असतो, पण यांनी सगळं स्वयंसेवकांकडून केलं, हायवेवरच्या विश्रांतीच्या जागा, जत्रा, फुटबॉल मॅचच्या बाहेर उभं राहून, आणि ११० दिवसांत सव्वाचार लाखांच्या वर सह्या झाल्या. विरोधक कोर्टात गेले, हा एवढा मोठा बदल असा सह्यांवर आणता येत नाही म्हणून. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ असा तो प्रस्ताव मतदानाला जाऊ दिला, आणि त्या चारांत रिपब्लिकन पक्षाने पुढे केलेले दोन न्यायाधीशही होते हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

नोव्हेंबर २०१८. प्रस्ताव क्रमांक २. बाजूने ६१ टक्के.

तेरा जण येतात कुठून

आता मिशिगनचा नकाशा १३ नागरिकांचा आयोग काढतो. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, आणि पाच कुठल्याच पक्षाचे नाहीत असे. कोणीही नोंदणीकृत मतदार अर्ज करू शकतो, पण गेल्या सहा वर्षांत निवडून आलेला, निवडणूक लढवलेला, पक्षाचा पदाधिकारी, लॉबिस्ट म्हणजे पैसे घेऊन नेत्यांकडे कोणाची तरी बाजू मांडणारा, यांच्यापैकी कोणी चालत नाही, त्यांचे जवळचे नातेवाईकपण नाही. पहिल्या वेळी नऊ हजारांच्या वर अर्ज आले. त्यातून लॉटरीने २०० नावं, मग विधानसभेतल्या दोन्ही पक्षांच्या चार नेत्यांना प्रत्येकी पाच नावं खोडायची मुभा, आणि उरलेल्यातून पुन्हा लॉटरीने तेरा. काम करायला मानधन आहे, गव्हर्नरच्या पगाराच्या किमान चौथा हिस्सा, म्हणजे रोजच्या नोकरीवर जगणाऱ्या माणसालापण परवडावं.

काय बघून रेषा ओढायच्या तो क्रम घटनेतच लिहिलाय. लोकसंख्या सारखी आणि मताधिकाराचा केंद्रीय कायदा पाळलेला, मतदारसंघ अखंड, एकमेकांशी जोडलेल्या समाजांना शक्यतो एकत्र ठेवणं, मग कुठल्याही पक्षाला अवाजवी फायदा नको, बसलेल्या खासदाराची सोय-गैरसोय बघायची नाही, आणि काउंटी, शहर यांच्या हद्दी त्यानंतर. समाज एकत्र ठेवणं म्हणजे काय तर डिअरबॉर्नमधली मोठी अरब वस्ती घ्या, तिचे प्रश्न, शाळा, दुकानं एकत्र आहेत, ती तीन मतदारसंघांत फोडली तर तिचं ऐकणारा एकही खासदार उरणार नाही. आयोगाने राज्यभर फिरून सुनावण्या घेतल्या, आणि मीटिंगमध्ये स्क्रीनवर रेषा सरकताना लोकांना घरबसल्या लाइव्ह दिसायच्या.

अंतिम नकाशाला नुसतं बहुमत चालत नाही, तिन्ही गटांतले किमान दोन-दोन जण बाजूने हवेत. मला या सगळ्या रचनेत हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे कोणालाच दुसऱ्याला बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही. २८ डिसेंबर २०२१ ला काँग्रेसचा नकाशा मंजूर झाला, त्याला नाव दिलेलं चेस्टनट.

"एवढं करून फरक काय पडला, ७-७ चं ७-६ झालं"

हा प्रश्न लोक विचारतातच. २०२२ ला डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६. २०२४ ला रिपब्लिकन ७, डेमोक्रॅट ६. वरवर बघितलं तर एक जागा इकडची तिकडे.

पण बघायचं असतं ते हे की वारं फिरलं तेव्हा नकाशा हलला का. २०२२ ला गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट ग्रेचन व्हिटमर आरामात जिंकल्या, हाऊसच्या मिशिगनमधल्या जागांतही बहुमत त्यांच्या पक्षाला. २०२४ ला ट्रम्प यांनी मिशिगन थोडक्यात, दीड टक्क्यांच्या आत, जिंकलं आणि या १३ जागांतलं बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं. लँसिंगच्या आसपासचा सातवा मतदारसंघ स्लॉटकिन सिनेटला गेल्यामुळे रिकामा झाला आणि तो रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी घेतला, तर शेजारचा आठवा, फ्लिंट आणि सॅगिनॉचा, त्याच लाटेत डेमोक्रॅट क्रिस्टन मॅकडॉनल्ड रिव्हे यांनी राखला. म्हणजे लोक जसे झुकले तसा निकाल झुकला. जुन्या नकाशात २०१२ ला दोन लाखांनी मागे पडूनही ९-५ होतं, हा खरा फरक आहे, आणि तो कुठल्या एका पक्षाच्या फायद्याचा नाहीये.

ग्रँड रॅपिड्सचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. माजी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचं शहर, वर्षानुवर्षं रिपब्लिकन. नव्या नकाशात त्याला पश्चिमेकडचं मस्कीगन जोडलं गेलं आणि तिसरा मतदारसंघ चुरशीचा झाला. २०२२ ला तिथून हिलरी स्कोल्टन निवडून आल्या, १९७७ नंतर त्या शहराला पहिल्यांदाच डेमोक्रॅट खासदार मिळाला.

"पण हे तेरा जण तरी धुतल्या तांदळासारखे आहेत का"

नाहीत, आणि तसं कोणी म्हणूही नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच आयोगाने मताधिकाराच्या कायद्यावर वकिलांशी बंद दाराआड चर्चा केली. सगळं उघड्यावर करायचं म्हणून बनवलेला आयोग आणि मीटिंग बंद! वर्तमानपत्रं कोर्टात गेली आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग बाहेर काढायला लावलं.

त्याहून मोठा फटका डिसेंबर २०२३ ला बसला. फेडरल कोर्टाने डेट्रॉईट भागातले विधानसभेचे १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, कारण ते काढताना आयोगाने वंशाचा आकडा समोर ठेवून रेषा ओढल्या होत्या. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं तो फरक हाच. विधानसभेचे ते मतदारसंघ पुन्हा काढावे लागले. काँग्रेसचा चेस्टनट नकाशा त्या निकालात नव्हता, तो तसाच राहिला. पण मूळ तक्रार दोन्हीकडे एकच होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय मिशिगनची गोष्ट अर्धीच राहते.

डेट्रॉईटची तक्रार, आणि बेळगावचा माणूस

जुन्या नकाशात डेट्रॉईटमध्ये दोन मतदारसंघ असे होते की तिथे कृष्णवर्णीय लोक निम्म्याहून जास्त. तेच ते ८० टक्क्यांच्या आसपास मतं पडून वरची वाया जाणारे, कोंबलेले. आयोगाने ते मोकळे केले, शहराचे भाग उपनगरांना जोडले, त्यामुळे पक्षांच्या दृष्टीने नकाशा न्याय्य झाला, पण दोन्ही मतदारसंघांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं. डेट्रॉईटचे लोक सुनावण्यांत हेच सांगत होते, की तुम्ही आमची ताकद पातळ करताय.

मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये १३ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायचं, आपल्यासारखं हायकमांड तिकीट वाटत नाही. नऊ उमेदवार उभे होते, त्यातले बरेच कृष्णवर्णीय, मतं विभागली गेली, आणि साधारण २८ टक्के मतांवर जिंकले श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात गरिबीत वाढलेले, १९७९ ला केमिस्ट्री शिकायला अमेरिकेला गेलेले आणि मग उद्योजक झालेले. २०१८ ला ते गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले होते, २०२० ला डेट्रॉईटमधून विधानसभेवर गेले, आणि या वेळी प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर घातले. मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच.

आपल्याकडे बातमी आली ती अभिमानाची, मराठी माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, आणि तो अभिमान रास्त आहे, त्या प्रवासाला मेहनत लागते. पण डेट्रॉईटमध्ये त्याच दिवशीची बातमी वेगळी होती. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून त्या शहराचा किमान एक तरी कृष्णवर्णीय खासदार कायम होता, आणि जवळजवळ सत्तर वर्षांनी तो धागा तुटला. यात ठाणेदारांचा दोष काढायचं कारण नाही, ते नियमाप्रमाणे लढले आणि जिंकले, २०२४ ला पुन्हा जिंकले. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत आणि मला वाटतं आपण दोन्ही वाचायला हव्यात, कारण तीन चतुर्थांशाच्या आसपास कृष्णवर्णीय असलेल्या शहराला काय वाटलं असेल हे भाषिक अस्मितेचं राजकारण बघितलेल्या आपल्याला कळायला अवघड नाही.

नकाशा चांगला असला तरी प्रायमरीचं काय

१३ व्या मतदारसंघात झालं ते अनेक ठिकाणी होतं. जिथे एकाच पक्षाचं वर्चस्व तिथे खरी निवडणूक ऑगस्टमध्येच होऊन जाते, कमी लोक मत देतात, आणि उमेदवार जास्त असतील तर पाव हिस्सा मतांवरपण जिंकता येतं. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही, मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, त्यातला एकच निवडून भरायचा, कुठला भरला ते गुप्त.

यातही डाव टाकले जातात. ग्रँड रॅपिड्सला २०२२ ला पीटर मायर नावाचे रिपब्लिकन खासदार होते, ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलेले. प्रायमरीत त्यांच्यासमोर ट्रम्प समर्थक जॉन गिब्स उभे राहिले, आणि डेमोक्रॅट्सच्या राष्ट्रीय प्रचार समितीने गिब्स यांची प्रतिमा ट्रम्पवाल्यांत उजळेल अशा जाहिरातींवर चार लाखांच्या वर डॉलर खर्च केले, कारण मायरपेक्षा गिब्स यांना हरवणं सोपं. मायर पडले, नोव्हेंबरला गिब्सपण पडले. डाव जमला, पण स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन मत देणारा माणूस त्यात गेला, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही, कोणत्याही पक्षाने केलं तरी.

टेक्सास करतंय तर मिशिगनने गप्प का बसावं?

हा आजचा सगळ्यात टोकदार प्रश्न. हाऊसमध्ये २०२४ ला रिपब्लिकन २२०, डेमोक्रॅट २१५ होते, तीन जागा फिरल्या तरी बहुमत फिरतं. अशा वेळी एका पक्षाच्या राज्यांनी नकाशे वाकवायचे आणि दुसऱ्यांनी नियम पाळायचे हा भाबडेपणा नाही का? कॅलिफोर्नियाने नेमकं हेच कारण दिलं. तिथेही नागरिकांचा आयोग होता, पण लोकांनी मतदान करून २०३० पर्यंत त्याचा नकाशा बाजूला ठेवला.

मिशिगनची विधानसभा मनात आणूनसुद्धा असं करू शकत नाही, कारण आयोग घटनेत आहे आणि नकाशा जनगणनेनंतरच काढायचा असं तिथे लिहिलंय, बदलायचं तर पुन्हा लोकांकडे जावं लागेल. आणि दोन्ही बाजूंनी समान लबाडी झाली की हिशोब बरोबर होतो हे मला मान्य नाही. देशपातळीवर जागा फिटतील, पण टेक्सासमध्ये फोडला गेलेला डेमोक्रॅट आणि कॅलिफोर्नियात फोडला गेलेला रिपब्लिकन शेतकरी, दोघांचंही ऐकणारा खासदार गेला, त्यांची भरपाई एकमेकांमुळे कशी होणार? उपाय करायचा तर सगळ्या राज्यांना एकच नियम लावणारा कायदा काँग्रेसने करायला हवा, तो अधिकार तिला आहे, फक्त दोन्ही पक्षांना एकाच वेळी तो करावासा वाटलेला नाही.

२०२६ ला मिशिगनमध्ये बघायचं काय

प्रायमरी ४ ऑगस्टची, मुख्य निवडणूक ३ नोव्हेंबरची, नकाशा तोच चेस्टनट. सिनेटची जागा मोकळी आहे कारण गॅरी पीटर्स निवृत्त होतायत, त्यासाठी हेली स्टीव्हन्स उतरल्या म्हणून त्यांचा ११ वा मतदारसंघ मोकळा झाला. लँसिंगच्या सातव्यात बॅरेट यांना जागा राखता येते का, फ्लिंट-सॅगिनॉच्या आठव्यात रिव्हे यांना येते का, या दोन लढती देशभर बघितल्या जाणार.

आणि डेट्रॉईटच्या उत्तरेकडचा दहावा मतदारसंघ, मॅकोम काउंटीचा, मोटार कामगारांचा भाग. २०२२ ला तिथे रिपब्लिकन जॉन जेम्स फक्त सोळाशे मतांनी जिंकले होते. आता ते गव्हर्नरपदाच्या मागे लागल्याने ही जागाही मोकळी आहे. पावणेआठ लाख वस्तीच्या मतदारसंघात सोळाशे मतं म्हणजे चार-पाच गल्ल्या. त्या गल्ल्या कुठल्या मतदारसंघात टाकायच्या हे २०११ सारखं कोणी आपल्या सोयीने ठरवलं असतं तर तिथे लढत झालीच नसती.